हिकामा
हिकामा (शास्त्रीय नाव: पॅकिरायझस इरोसस) हा शेंगा येणाऱ्या एका वेलीचा खाद्य कंद आहे. ही वेल मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील असून स्पॅनिश लोकांनी ती फिलिपिन्समध्ये नेली. भारतात हा कंद हिंदीत मिश्रीकंद व बंगालीत शाँकआलू या नावांनी ओळखला जातो.

कच्चा वापर
कंदाची तपकिरी साल व तिच्याखालचा तंतुमय थर सुरीने काढून टाकतात. आतील गर पांढरा, रसाळ, कुरकुरीत व किंचित गोड असतो. मेक्सिकोत त्याच्या फोडींना लिंबाचा रस, मीठ व तिखट लावून खातात. बंगालमध्ये सरस्वतीपूजेच्या प्रसादातील फळांसोबत त्याच्या कच्च्या फोडी देतात.

शिजवलेला वापर
मोठ्या आचेवर थोडाच वेळ परतल्यास गराचा कुरकुरीतपणा टिकतो. मंद आचेवर बराच वेळ शिजवल्यास तो मऊ होतो. मलेशिया व सिंगापूर येथील पोपिया या पदार्थात असे सारण पातळ पोळीत गुंडाळतात.

विषारी भाग
या वेलीचा कंदच निर्धोकपणे खाता येतो. पक्व बियांमध्ये रोटेनोन हे कीटकनाशक विष असते. बिया घेवड्याच्या दाण्यांसारख्या दिसत असल्या, तरी त्या शिजवूनही खाऊ नयेत. त्यांच्या सेवनाने मृत्यू ओढवल्याची उदाहरणे आहेत.