विश्रांतवाडीच्या परिसरातील राजकीय समाधिस्थाने

अमेरिकेतील एखाद्या ग्रामीण कौंटीचा, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागाचा, इतिहास लिहावयाचा झाल्यास तेथील राजकीय पुरुषांच्या दफनभूमींची यादी हे एक उपयुक्त साधन ठरते. कारण तेथे देह बहुधा मूळ गावी परत नेला जातो. अध्यक्ष लिंकन १८६५ मध्ये वॉशिंग्टन येथे मृत्यु पावले, परंतु त्यांचा देह आगगाडीने इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे नेण्यात आला. अध्यक्ष कूलिज १९३३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात निवर्तले. त्यांचे साधे थडगे मात्र व्हरमाँटमधील प्लिमथ या त्यांच्या जन्मग्रामी, वाडवडिलांच्या ओळीत आहे. तात्पर्य, तेथील थडगे हा मनुष्याच्या आपल्या भूमीशी असलेल्या नात्याचा पुरावा होय. पुणे परिसरातील समाध्या याच दृष्टीने वाचता येतील काय, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

विश्रांतवाडी हे ठिकाण पुण्याहून आळंदीकडे जाणाऱ्या मार्गावर आहे. हा मार्ग ज्या समाधीकडे जातो ती ज्ञानेश्वरांची, इ. स. १२९६ मधील. तेथे 'समाधी' या शब्दाचा अर्थ स्वेच्छेने स्वीकारलेले देहविसर्जन असा आहे. राजकीय व्यक्तींच्या बाबतीत तोच शब्द दहनस्थानी किंवा त्याच्या स्मरणार्थ उभारलेल्या वास्तूस लावला जातो. येथे स्थळाची निवड सहसा त्या व्यक्तीची नसते. प्रवास दीर्घ, दहन त्वरित आवश्यक. त्यामुळे मृत्यु जेथे गाठतो तेथेच संस्कार होतो. पहिले बाजीराव १७४० मध्ये नर्मदाकाठी रावेरखेडी येथे वारले आणि त्यांची समाधी तेथेच आहे.

विश्रांतवाडीपासून जवळच, नगर रस्त्यावर, १८९२ मध्ये बांधलेला आगाखान राजवाडा आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी अटक झाल्यावर गांधीजींना येथे स्थानबद्ध करण्यात आले. १५ ऑगस्ट रोजी महादेवभाई देसाई यांचे येथे आकस्मिक निधन झाले, आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे. महादेवभाई सुरत जिल्ह्यातले, कस्तुरबा पोरबंदरच्या. पुण्याशी दोघांचेही कौटुंबिक नाते नव्हते. उभयतांचे दहन राजवाड्याच्या आवारातच झाले, कारण सार्वजनिक अंत्ययात्रा सरकारला नको होती. या समाध्या येथे असण्याचे कारण बंदिवास हेच आहे. मे १९४४ मध्ये सुटकेच्या वेळी गांधीजींनी सरकारकडे मागणी केली ती या जागेसंबंधी : ही भूमी सुरक्षित राहावी व तेथे जाण्यास वाट असावी. भूमी दुसऱ्याच्या मालकीची असल्याने दर्शनाचा हक्क हा प्रश्न भावनेचा तसाच कायद्याचाही होता. १९६९ मध्ये आगाखान चौथे यांनी हा राजवाडा राष्ट्रास अर्पण केला, तेव्हा त्याचा निकाल लागला.

वानवडी येथील शिंद्यांची छत्री हे दुसरे उदाहरण. महादजी शिंदे यांच्या सत्तेचे क्षेत्र उत्तर हिंदुस्थान. १७९२ मध्ये ते पुण्यास आले आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीच्या मुक्कामी वारले. येथील शिवमंदिर महादजींच्या वेळचे. त्यास जोडलेले, युरोपीय धाटणीची रंगीत काचेची तावदाने असलेले सभागृह त्यांच्या ग्वाल्हेरच्या वंशजांच्या काळातले. तेव्हा या सभागृहावरून अठराव्या शतकाच्या अभिरुचीविषयी अनुमान काढणे चुकीचे ठरेल. ते आपल्याला संस्थानिक काळातील वंशजांच्या पूर्वजाभिमानाविषयी सांगते.

थेऊरचे उदाहरण याहून वेगळे आहे. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, चिंतामणीच्या सान्निध्यात निवर्तले. हे स्थळ त्यांच्या भक्तीचे असल्याने येथे निवडीचा अंश आहे. तथापि नदीकाठच्या ज्या स्मारकाकडे लोक वळतात ते त्यांच्या सहगमन केलेल्या पत्नीचे, रमाबाईंचे आहे. राज्यकर्त्याच्या मृत्यूची स्मृती येथे एका स्त्रीच्या दहनाच्या रूपाने टिकली, ही गोष्ट गौरवाने सांगण्यापूर्वी इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून विचार करावा.

तुळापूर व वढू बुद्रुक येथे प्रश्न सर्वांत बिकट होतो. पुरंदरावर जन्मलेल्या संभाजी महाराजांना संगमेश्वर येथे पकडण्यात आले, आणि मार्च १६८९ मध्ये भीमातीरी औरंगजेबाच्या छावणीत त्यांचा वध झाला. त्यांच्या नावाने तुळापूर येथे स्मारक आणि वढू येथे समाधी आहे. वढूच्या समाधीच्या शोधाशी वा. सी. बेंद्रे यांचे नाव जोडले जाते. शत्रूच्या छावणीजवळ अंत्यसंस्कार कोणी केले, याविषयी परस्परभिन्न परंपरा सांगितल्या जातात. वढू येथे गोविंद गोपाळ यांचीही समाधी आहे. तेथील फलकावरून डिसेंबर २०१७ च्या अखेरीस वाद उसळला, आणि १ जानेवारी २०१८ रोजी जवळच्या कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार झाला. सतराव्या शतकातील एका अंत्यसंस्काराचा मान कोणाचा, हा प्रश्न आजही गावांची शांतता भंग करू शकतो. म्हणूनच समाधी हे साधन वापरताना ढिलाई परवडणारी नाही.

या उदाहरणांवरून एक नियम सुचतो. प्रत्येक समाधीविषयी तीन गोष्टी स्वतंत्रपणे नोंदवाव्यात : मृत्यु कोठे व कोणत्या परिस्थितीत झाला, संस्कार कोठे झाले व कोणी केले, आणि आज दिसणारी वास्तू केव्हा व कोणी उभारली. आगाखान राजवाड्यात पहिल्या दोहोंची उत्तरे निःसंदिग्ध आहेत. वानवडीस तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यापासून फार दूरचे आहे. वढूस दुसऱ्या प्रश्नावरच वाद आहे. ही तीन उत्तरे एकमेकांत मिसळली की वास्तूचा काळ घटनेचा काळ मानला जातो, आणि उत्तरकालीनांचा अभिमान समकालीन पुरावा म्हणून पुढे येतो.

दळणवळण बदलले तशी ही पद्धतीही बदलली, हे येथे नमूद केले पाहिजे. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत वारले. त्यांची कर्मभूमी पुणे असूनही अंत्यसंस्कार गिरगाव चौपाटीवर झाले. उलट, यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९८४ मध्ये दिल्लीत निवर्तले, आणि त्यांची समाधी कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर आहे. आगगाडीने जे लिंकनच्या बाबतीत घडविले, ते आपल्याकडे पुढील शतकात शक्य झाले. त्यापूर्वीच्या समाध्यांबाबत मात्र निवासस्थान व समाधिस्थान यांचे समीकरण मांडू नये. आगाखान राजवाडा, वानवडी व भीमातीर येथील समाध्या त्या व्यक्ती कोठल्या होत्या हे सांगत नाहीत. राजकारणाने त्यांना शेवटी कोठे आणून ठेवले, एवढेच त्या सांगतात.