झोप, गुंगी की थकवा? मनोविकारांतील अतिनिद्रेचे मोजमाप

नैराश्याचा रुग्ण दिवसभर अंथरुणाला खिळून असला, की घरचे त्याला आळशी ठरवून मोकळे होतात. डॉक्टरांपुढे तोही ‘सारखी झोप येते’ एवढेच सांगतो. या एका वाक्याआड अनावर पेंग, औषधांची गुंगी, शारीरिक थकवा किंवा काही करावेसेच न वाटणे यांपैकी काहीही असू शकते. प्रत्येकावरील उपाय निराळा असल्याने नेमके निदान होण्यासाठी निद्राळूपणाचे मोजमाप महत्त्वाचे ठरते.

एपवर्थ मोजपट्टी

सर्वाधिक प्रचलित असलेली ही प्रश्नावली मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयातील डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. वाचताना, टीव्ही पाहताना, जेवणानंतर शांत बसले असता अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला रुग्ण ० ते ३ गुण देतो. एकूण २४ पैकी १० हून अधिक गुण अतिनिद्रेचे सूचक मानले जातात. ही चाचणी काही मिनिटांत पूर्ण होते. मात्र तिची सारी भिस्त रुग्णाच्या स्वतःच्या अंदाजावर असते. ज्याने वाचन किंवा घराबाहेर पडणेच सोडले आहे, त्याला अशा प्रसंगांची केवळ कल्पना करावी लागते. शिवाय थकवा आणि झोप यांतील फरक त्याला सांगता येईलच असे नाही.

प्रयोगशाळेतील कसोटी

‘मल्टिपल स्लीप लेटन्सी टेस्ट’ ही चाचणी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मेरी कार्सकॅडन आणि विल्यम डिमेंट यांनी १९७० च्या दशकात विकसित केली. रात्रीच्या झोपेची नोंद घेतल्यानंतर दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी, चार ते पाच वेळा रुग्णाला झोपण्याची संधी दिली जाते. झोप लागण्यास सरासरी ८ मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ लागल्यास ती अतिनिद्रा समजली जाते. अतिनिद्रेची तक्रार असलेल्या नैराश्याच्या अनेक रुग्णांमध्ये मात्र हा आकडा सामान्य येतो. तेवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. ही चाचणी झोप किती लवकर लागते ते मोजते; माणूस एकूण किती तास झोपतो, हे ती सांगत नाही. त्यासाठी झोपेची रोजनिशी किंवा मनगटावर बांधायचे हालचाल-नोंदक यंत्र उपयोगी पडते.

औषधांचा गुंता

क्वेटियापीन, ओलान्झापीन, क्लोझापीन यांसारख्या औषधांनी गुंगी येते. त्यांमुळे वजन वाढल्यास झोपेत श्वास अडखळण्याचा, म्हणजेच स्लीप ॲप्नियाचा धोकाही वाढतो. अशा रुग्णाची पेंग मनोविकाराच्याच खात्यावर टाकली गेली, तर उपचार होऊ शकणारा दुसरा आजार नजरेआड राहतो. दुसरीकडे, नैराश्यावरील अनेक औषधे स्वप्नावस्थेतील झोप दडपतात आणि त्यामुळे नार्कोलेप्सीची खूण चाचणीत लपू शकते. त्यासाठी चाचणीपूर्वी साधारण दोन आठवडे ती थांबवण्याची पद्धत आहे. फ्लुऑक्सेटीनसाठी हा काळ अधिक असतो. मात्र औषध थांबवल्यास मूळ आजार उलटण्याची भीती असते. त्यामुळे हा निर्णय मानसोपचारतज्ज्ञांनीच घ्यायचा असतो. गुंगीला कंटाळून परस्पर गोळ्या बंद करणे धोक्याचे ठरते.

घरच्यांचा वाटा

झोपण्या-उठण्याच्या वेळा, दुपारच्या डुलक्या आणि गोळ्या घेतल्याची वेळ यांची दोन आठवड्यांची नोंद डॉक्टरांना मोलाची ठरते. घोरणे किंवा झोपेत श्वास थांबणे रुग्णाला स्वतःला कळत नाही. ते शेजारी झोपणाऱ्यालाच सांगता येते.