मोरगाव ते सिल्व्हरस्टोन: रेसिंगची डिग्री आली कुठून?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप.

मागच्या महिन्यात गावी, मोरगावला गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर आत्याचा मुलगा मोबाईल घेऊन शेजारी बसला. इंग्लंडच्या एका विद्यापीठाचं पत्र आलं होतं. एमएस्सी, मोटरस्पोर्ट इंजिनिअरिंग, एक वर्ष. पोरगा मेकॅनिकलचा, कॉलेजच्या रेसिंग टीममध्ये हात काळे केलेला. आत्याच्या डोक्यात मात्र शर्यत म्हणजे बैलगाडा. ती म्हणाली, "तू इंजिनिअर आहेस, तूच सांग. शर्यतीची पण डिग्री असते का रे? आणि तिच्यासाठी सातबारा बँकेत ठेवायचा?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण असंच पत्र काही वर्षांपूर्वी मलाही आलं होतं, आणि मी गेलो नव्हतो. आज मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. पुण्याला परत आल्यावर मी या डिग्रीचा इतिहास वाचून काढला. तोच आजचा विषय.

सुरुवात धावपट्टीवर

दुसरं महायुद्ध संपलं आणि इंग्लंडमध्ये विमानदलाचे कितीतरी तळ रिकामे पडले. सिल्व्हरस्टोन त्यातलाच एक, 1943 साली सुरू झालेला. 1948 मध्ये तिथे ब्रिटिश ग्रांप्री भरली. पुढे 13 मे 1950 रोजी फॉर्म्युला वन जागतिक स्पर्धेची पहिली शर्यतही तिथेच झाली. क्रॅनफिल्डच्या विमानतळावर 1946 मध्ये एरोनॉटिक्सचं कॉलेज उघडलं. लोटस कंपनी 1966 मध्ये हेथेलच्या जुन्या तळावर आली. म्हणजे ट्रॅक, कॉलेज आणि कारखाना, तिन्ही गोष्टी जुन्या धावपट्ट्यांवर उभ्या राहिल्या.

आता गंमत बघा. आपल्याकडेही सुरुवात अशीच झाली. मद्रासजवळचं शोलावरम ही महायुद्धातलीच धावपट्टी. तिथे 1950 च्या दशकापासून शर्यती होऊ लागल्या. मुंबईत जुहूच्या विमानतळावरही गाड्या पळाल्या. हौस होती, गर्दी होती, पैसेवालेही होते.

मग फरक कुठे पडला? इंग्लंडमध्ये कूपर, लोटस यांसारखी छोटी वर्कशॉप रेसिंगच्या गाड्या बनवून विकत होती. विकायची म्हटल्यावर गिअरबॉक्सवाला, ब्रेकवाला, फायबरवाला आजूबाजूला येणारच. त्यातून एक धंदा उभा राहिला. आपल्याकडे तो परवान्यांचा जमाना. बाजारात गाड्यांची मॉडेल्स हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि आयातीवर बंधनं. कोइम्बतूरच्या करीवर्धन यांच्यासारख्या माणसाने मारुतीचं इंजिन घेऊन 'फॉर्म्युला मारुती' उभी केली, पण असे लोक किती? शर्यत ही हौसच राहिली, तिचा उद्योग झाला नाही.

डिग्री सगळ्यात शेवटी आली

हे वाचून मला स्वतःलाच धक्का बसला. लोटसचा कॉलिन चॅपमन सिव्हिलवाला, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा. एड्रियन न्यूई, ज्याच्या गाड्यांनी ढिगाने जागतिक विजेतेपदं जिंकली, तो साउदॅम्प्टनचा विमानशास्त्राचा पदवीधर, 1980 चा. मोटरस्पोर्टची डिग्री दोघांकडेही नव्हती, कारण तेव्हा ती आजच्यासारखी नव्हतीच.

मग गाड्या बदलल्या. 1981 मध्ये मॅक्लारेनने कार्बन फायबरचा सांगाडा आणला. पाठोपाठ सेन्सर आले, टेलिमेट्री आली. एकट्या हुशार माणसाचं काम शेकडो जणांत वाटलं गेलं. तेव्हा 2000 च्या आसपास विद्यापीठांनी खास अभ्यासक्रम काढले. इंग्लंडमध्ये क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्ड ब्रूक्स ही त्यातली ठळक नावं. इटलीत 2017 मध्ये बोलोन्या, मोदेना, पार्मा, फेरारा इथल्या विद्यापीठांनी फेरारी, लॅम्बोर्गिनी, डुकाटी, दल्लारा यांच्यासोबत 'म्युनर' नावाने दोन वर्षांचे अभ्यासक्रम सुरू केले.

शिकवतात काय? टायर जमिनीला टेकतो ती तळहाताएवढी जागा किती पकड देईल, हवा गाडीला कशी दाबून धरेल, सस्पेन्शन, कार्बनचे भाग, आणि डेटा. हा डेटाचा भाग वाचताना मी जरा जास्तच रेंगाळलो, खरं सांगतो.

आणि आपली बारामती?

मोरगावहून तासाभरावर बारामतीची एमआयडीसी. तिथे पियाजिओ आहे. आधी आपे रिक्षा, 2012 पासून व्हेस्पा. पियाजिओने 2004 मध्ये एप्रिलिया विकत घेतली होती. त्यामुळे 2023 मध्ये आलेली एप्रिलिया आरएस 457 याच बारामतीत बनते. इंजिन 457 सीसीचं आणि ताकद बरोबर 35 किलोवॅट, कारण युरोपात नव्या चालकांच्या ए-टू लायसन्सची मर्यादा तेवढीच आहे. म्हणजे गाडी आपल्या तालुक्यात बनते, पण ती कशी असावी हे ठरतं नोआलेला.

नोआले म्हणजे कुठलं मोठं शहर नाही हं! व्हेनिसजवळचं गाव, बारामतीपेक्षा लहान. एप्रिलिया सुरुवातीला तिथे सायकली बनवायची. 1987 मध्ये मिसानोला 250 सीसी गटात पहिली ग्रांप्री जिंकली, आणि 1997 मध्ये कोवळ्या व्हॅलेंतिनो रॉस्सीने एप्रिलियावरच 125 सीसीचं जागतिक विजेतेपद घेतलं. तेव्हा गाव लहान असल्यामुळे काही अडत नाही. कारखान्याच्या शेजारी शर्यत हवी, आणि शर्यतीच्या शेजारी शिकणारी पोरं.

ती पोरं आता आपल्याकडेही तयार होतायत. 2007 पासून बाहा, 2011 पासून सुप्रा, कोइम्बतूरला फॉर्म्युला भारत. दरवर्षी कॉलेजची पोरं स्वतः गाडी बनवून नेतात. आत्याचा मुलगा तिथूनच आलेला.

आत्याला काय सांगितलं

शेवटी फोन केला. म्हटलं, आत्या, डिग्री खरी आहे. पण ती लॉटरीचं तिकीट नाही. फॉर्म्युला वनमध्ये जागा थोड्या, रांग जगभरची, आणि परदेशी मुलासाठी व्हिसाची भानगड वेगळीच. म्हणून कर्जाचा हप्ता तिथल्या पगारावर धरू नका. परत येऊन पुण्यात, चाकणला किंवा एआरएआयमध्ये नोकरी लागली, तर त्या पगारात हप्ता बसतो का, एवढंच बघा. टायरचं आणि डेटाचं ज्ञान इथेही चालतं. बसत असेल तर जाऊ दे. नसेल तर इटलीची सरकारी विद्यापीठं बघू. तिथे फी घरच्या उत्पन्नाप्रमाणे ठरते.

मग पोराने फोन घेतला. "दादा, तू का नाही गेलास?"

मी म्हटलं, मी हे गणित कधी केलंच नाही. 'आपल्याला कुठं जमतंय' म्हणत शेवटची तारीख जाऊ दिली. घरी कुणी नाही म्हणालं नव्हतं, मी विचारलंच नव्हतं.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हप्त्याचा तक्ता करून पाठवतो. रात्री बघशील?"

तक्ता आलाय. आज रात्री आम्ही दोघं तो घेऊन बसणार आहोत. तुमच्यापैकी कुणी हा कोर्स केला असेल तर जरूर कळवा, आम्हाला उपयोग होईल. भेटू पुढच्या भागात!