तेल, पाणी आणि पदवी

अभ्यास मंडळाच्या पहिल्याच बैठकीत विद्यापीठाच्या कचेरीतून आलेल्या अधिकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला. 'ही पदवी विज्ञान शाखेखाली टाकायची की अभियांत्रिकीखाली?' टेबलाभोवती आम्ही सात जण होतो. तिघे कप्तान, दोघे चीफ इंजिनीअर, एक कायद्याचे प्राध्यापक आणि एक अर्थशास्त्राच्या बाई. उत्तर कुणीच दिले नाही. चहा आला आणि विषय पुढे सरकला.

एका सागरी महाविद्यालयाला चार वर्षांची नवी पदवी आखायची होती. एकाच विद्यार्थ्याने नौकानयनही शिकावे, इंजिनही शिकावे आणि त्याला सागरी कायदा व जहाजवाहतुकीचे अर्थकारणही कळावे, अशी कल्पना होती. उमेदीची वर्षे डेकवर काढलेला माणूस म्हणून मला बोलावले होते. इतिहासाचा छंद हा माझा खासगी मामला. पण त्या प्रश्नाने मला घरी आल्यावर इतिहासाकडेच वळवले, कारण ही दोन खाती वेगळी कुणी केली आणि कधी, याचा मी आयुष्यात कधी विचारच केला नव्हता.

शिडाच्या जहाजावर हा भेद नव्हता. इंजिनच नव्हते, तर इंजिनीअर कुठून येणार? ब्रिटनमध्ये १८५० च्या कायद्याने परदेशी जाणाऱ्या जहाजांवरील मास्टर आणि मेट यांना परीक्षा सक्तीची केली. वाफेची जहाजे वाढल्यावर १८६२ मध्ये इंजिनीअरांसाठी प्रमाणपत्रे आली, ती वेगळी. मेट कोवळ्या वयात उमेदवार म्हणून जहाजावर चढलेला, तर इंजिनीअर क्लाइड नदीकाठच्या एखाद्या कारखान्यात हात काळे करून आलेला. एकाला सेक्स्टंट, दुसऱ्याला पाना. मग जेवणाची टेबलेही वेगळी झाली आणि 'तेल आणि पाणी एकत्र येत नाही' ही म्हण जहाजाजहाजावर रूढ झाली. मीही ती शंभरदा म्हटली आहे, आणि प्रत्येक वेळी पाणी म्हणजे अर्थातच आपण, असे गृहीत धरून.

मुंबई बंदरातून भरती होणाऱ्या खलाशांत तर ही विभागणी जातिव्यवस्थेसारखी घट्ट होती. डेकवर सारंग आणि तांडेल यांच्या हाताखाली कोकण, कच्छ, काठियावाडची माणसे, खाली भट्टीपाशी आगवाले म्हणून पंजाब आणि सरहद्दीकडचे, सलूनमध्ये गोवेकर. एका जहाजावर तीन मुलूख आणि तीन चुली. रत्नागिरीचा पोरगा आयुष्यभर बोटीवर राहूनही इंजिनरूमचा जिना उतरत नसे. त्याला कुणी अडवत होते असे नाही, त्याचे तिथे कामच नसे.

या सगळ्या माणसांच्या वर अधिकारी मात्र गोरे. १९१९ मध्ये वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी यांच्या सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा भारतीय मालकीच्या जहाजावरही भारतीय अधिकारी आणायचे कुठून, हा प्रश्न होताच. १९२३ मध्ये सरकारने कॅप्टन हेडलॅम यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय व्यापारी नौदलाविषयी समिती नेमली. किनाऱ्यावरची वाहतूक हळूहळू भारतीय जहाजांसाठी राखावी आणि अधिकारी घडवण्यासाठी प्रशिक्षण जहाज असावे, अशा शिफारशी तिने केल्या. पहिली बासनात गेली. १९२८ मधले साराभाई नेमचंद हाजी यांचे विधेयकही तडीस गेले नाही. दुसरी मात्र अमलात आली. १९०४ साली बांधलेले सैन्यवाहू जहाज 'डफरिन' १९२७ मध्ये माझगावसमोर नांगरून उभे राहिले आणि पहिली तुकडी त्यावर चढली. मला यात इंग्रजी राज्यकारभाराचा एक खास नमुना दिसतो. मुलांना शिकवून तयार करायचे, पण त्यांनी चालवायची जहाजे कुणाची, हा मुद्दा टाळायचा. ब्रिटिश कंपन्या या मुलांना घ्यायला फारशा उत्सुक नव्हत्या. सिंदिया नसती तर 'डफरिन'ची पोरे किनाऱ्यावरच बसली असती.

'डफरिन'वर सुरुवातीला फक्त डेकचे शिक्षण होते. १९३५ पासून इंजिनीअर होऊ पाहणारी मुलेही तिथेच येऊ लागली. म्हणजे जवळजवळ चौदा वर्षे, १९४९ मध्ये सागरी अभियांत्रिकी प्रशिक्षणाची स्वतंत्र व्यवस्था कोलकाता आणि मुंबईत उभी राहीपर्यंत, ही दोन्ही प्रकारची मुले एकाच बोटीवर राहात होती, एकाच डेकवर कवायत करत होती. पुढे त्यांची वाट वेगळी होत असे हे खरे, पण सुरुवात एका छपराखाली होती. १९४९ नंतर 'डफरिन' पुन्हा निव्वळ डेकवाल्यांची झाली.

ही फारकत चुकीची होती असे मी म्हणणार नाही. स्वतंत्र देशाला झपाट्याने इंजिनीअर हवे होते आणि इंजिनीअर कार्यशाळेत घडतो. नांगरलेल्या जुन्या बोटीवर लेथ मशिने किती लावणार? पण एक गोष्ट गेली. एकमेकांची भाषा कानावरून जाण्याची सोय गेली. माझ्या पिढीत डेकचा कॅडेट इंजिनीअर कॅडेटला पहिल्यांदा भेटायचा तो थेट जहाजावर, आणि तोही बहुधा भांडायला.

'डफरिन'च्या जागी १९७२ मध्ये 'राजेंद्र' आले, १९९३ मध्ये नेरूळच्या जमिनीवर 'चाणक्य'. जहाज गेले, तरी नावामागचे 'टी. एस.' म्हणजे 'ट्रेनिंग शिप' राहिले, हे मला फार आवडते. नव्वदच्या दशकात तिथल्या अभ्यासक्रमाला मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. (नॉटिकल सायन्स) ही पदवी होती. बाहेरच्याला हा तपशील किरकोळ वाटेल. मी पदवीविना, थेट कंपनीत उमेदवार म्हणून लागलो होतो. मास्टरचे प्रमाणपत्र मिळवले, महासागर ओलांडले आणि चाळिशीत किनाऱ्यावर स्थिरावताना एका संस्थेत व्यवस्थापन शिकायला अर्ज केला. तिथल्या कारकुनाने प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिले आणि परत दिले. 'साहेब, हे ठीक आहे, पण शिक्षण बारावीच ना?' त्याचे काही चुकले नव्हते. गोलीय त्रिकोणमिती, हवामान, जहाजाचा समतोल, मालाचा कायदा हे सगळे मी शिकलो होतो. फक्त त्या शिकण्याला विद्यापीठाच्या भाषेत नाव नव्हते.

दोन्ही खाती जोडण्याचे प्रयोग बाहेर झालेले आहेत. अमेरिकेच्या किंग्ज पॉइंट येथील अकादमीत साठच्या दशकात एकाच विद्यार्थ्याला डेक आणि इंजिन असे दोन्ही परवाने मिळवून देणारा अभ्यासक्रम सुरू झाला. फ्रान्सने त्याच दशकाच्या उत्तरार्धात अधिकाऱ्यांची नवी जातच निर्माण केली, दोन्हीकडे काम करू शकणारी. १९७८ च्या एस.टी.सी.डब्ल्यू. करारात १९९५ मध्ये मोठी सुधारणा झाली, तेव्हा या कल्पनेला आंतरराष्ट्रीय दरवाजा उघडला. जहाजावरच्या कामाची विभागणी खात्यांऐवजी सात कार्यांत केली गेली. नौकानयन, माल, जहाजाचे संचालन व माणसांची काळजी, इंजिन, वीज व नियंत्रण, देखभाल, आणि रेडिओ संपर्क. तो मसुदा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा चकित झालो होतो. एखाद्या शहाण्या माणसाने जहाजाकडे प्रथमच पाहून लिहावे तसा तो होता.

मग हे रुजले का नाही? आमच्या समितीत याचे उत्तर हिशोबाच्या वहीतून आले. डेकच्या अधिकाऱ्याला प्रशिक्षणाचा भाग म्हणून किमान बारा महिन्यांची समुद्रसेवा हवी, त्यातले सहा महिने ब्रिजवरच्या वॉचचे. इंजिनच्या अधिकाऱ्याला कार्यशाळा आणि समुद्रसेवा मिळून बारा महिने, त्यातले सहा इंजिनरूमच्या वॉचचे. चार वर्षांत दोन्ही बसवताना वर्ग घ्यायला वेळच उरेना. बसवले तरी नोकरी देणारी कंपनी थर्ड मेट मागते किंवा फोर्थ इंजिनीअर मागते. अर्धा हा आणि अर्धा तो, अशी जागा तिच्याकडे नाही. दोन परवान्यांच्या मुलाला पहिल्याच करारावर एक खिशात ठेवून द्यावा लागतो. त्यात २०१० च्या मनिला सुधारणांनी वीज आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी स्वतंत्र अधिकारी मान्य केला. दोघांचा एक होण्याऐवजी तिघे झाले.

इथे मला मार्च २०२४ मधले बाल्टिमोर आठवते. 'डाली' या कंटेनर जहाजाची वीज रात्री बंदराबाहेर पडताना गेली, जहाजाचा ताबा सुटला आणि ते फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळले. पुलावर खड्डे बुजवणारे सहा मजूर मेले. जहाजावरचे जवळजवळ सगळे भारतीय होते. चौकशीत मूळ सापडले ते एका सैल वायरीत. ब्रिजवरून वेळेवर आलेल्या इशाऱ्यामुळे पोलिसांनी वाहने थांबवली, नाहीतर आकडा मोठा झाला असता. कुणा अधिकाऱ्याने दोन्ही विषय शिकले असते तर हे टळले असते, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण अंधारात गेलेल्या ब्रिजवर उभ्या माणसाला खाली नेमके काय घडत आहे, कोणती वीज किती सेकंदांत परत येऊ शकते, याचे चित्र डोळ्यांसमोर असणे वेगळे, आणि नुसता फोन कानाला लावून वाट पाहणे वेगळे. मी ती वाट पाहिली आहे. सिंगापूरच्या सामुद्रधुनीत, तीन-चार मिनिटे, आणि मला स्विचबोर्ड कसा दिसतो हेही धड माहीत नव्हते.

समितीत हा प्रसंग सांगितल्यावर चीफ इंजिनीअरांपैकी वयाने मोठे होते ते म्हणाले, 'कप्तानसाहेब, त्या चार मिनिटांत तुम्ही आम्हाला सहा वेळा फोन केला असेल. उचलायला एक माणूस अडकतो, हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही.' नऊ बैठकांतले हे सर्वात कामाचे वाक्य, असे माझे मत आहे. इतिवृत्तात ते आले नाही.

दोन परवान्यांची कल्पना पाचव्या बैठकीत सोडली. कागदावर शेवटी उरली ती डेकचीच पदवी, विज्ञान शाखेखाली. तिच्यात इंजिन आणि विजेच्या दोन विषयपत्रिका, कायदा आणि अर्थशास्त्राची प्रत्येकी एक, आणि माझ्या हट्टापायी तिसऱ्या वर्षात सहा आठवडे इंजिनरूममध्ये, बॉयलर सूट घालून. त्या सहा आठवड्यांवर विद्यापीठाकडून शेरा आला होता की याचे गुणांकन कसे करणार ते कळवावे. आम्ही लिहिले, चीफ इंजिनीअरची सही. ते पुरेसे नाही असे उत्तर आले, आणि तो पत्रव्यवहार मी समितीतून बाहेर पडलो तेव्हा चालूच होता.