सातबाऱ्यावर कुणाचं नाव?

मागच्या बैठकीला आम्ही सगळ्याजणींनी घरचा सातबारा आणायचं ठरवलं होतं. चौदाजणींनी उतारे आणले. बाईचं नाव निघालं फक्त दोन उताऱ्यांवर, आणि त्या दोघीही विधवा. पेरणी, खुरपणी, काढणी आमची. कागद मात्र मालकांचा, नाहीतर सासऱ्यांचा. हे असं कधीपासून, ते आम्ही शोधायला बसलो.

पेशवाईत देशावरच्या गावांत मिरासदार आणि उपरी असे दोन तऱ्हेचे शेतकरी असत. मिरासदाराची जमीन पिढीजात. उपरी म्हणजे बाहेरून आलेला, ठरल्या मुदतीपुरता कसणारा. मग इंग्रज आले. १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नवी मोजणी सुरू केली. शेतांना नंबर दिले, जमिनीचा कस पाहून तीस वर्षांचा सारा ठरवला. मध्ये जमीनदार नाही, खातेदाराने थेट सरकारात भरायचं. हीच रयतवारी. खात्यावर नाव लागलं ते बहुतेक घरातल्या कर्त्या पुरुषाचं.

सारा रोख भरायचा, पाऊस दगा द्यायचा. मग जमीन सावकाराकडे गहाण पडायची. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारी शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांचे रोखे, खतं जाळली. जमीन कागदाने जाते, हे त्यांना कळलं होतं.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि पश्चिम महाराष्ट्रातली कितीतरी कुळं कसत्या जमिनीची मालक झाली. ‘कसेल त्याची जमीन’ म्हटलं गेलं. पण कसणारी बाई त्यात क्वचितच मोजली गेली.

आपल्यासाठी दार उघडलं ते दुसऱ्या कायद्याने. पूर्वी हिंदू विधवेला नवऱ्याच्या जमिनीवर हयातीपुरताच हक्क असे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तो पुरा झाला. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. २००५ साली देशभरात लग्न झालेल्या मुलींनाही तो मिळाला. मधल्या काळात, १९८६ साली, चांदवडला शेतकरी बायांचं मोठं अधिवेशन भरलं. पुढे शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ चालवली: नवऱ्याने आपणहून जमीन बायकोच्या नावे करायची.

कायदा झाला, तरी उतारा आपोआप बदलत नाही. आमच्यातल्या एकीने भावाच्या सांगण्यावरून हक्कसोडपत्रावर सही केली. आज नवऱ्याने टाकल्यावर ती मजुरीला जाते. “माहेर तुटू नये म्हणून सही केली,” ती म्हणाली, “आणि माहेर तसंही तुटलंच.” बैठकीत कुणालाच पुढे बोलवेना.

भावाशी भांडा, असं आम्ही सांगत नाही. पण वाचल्याशिवाय सही करू नका. घरात कुणी वारलं, तर वारसनोंद लावून घ्या आणि फेरफारात आपलं नाव आहे ना, ते तलाठ्याकडे जाऊन पाहा. एकटीला भीती वाटत असेल तर गटाला सांगा. आम्ही सोबत येतो.

पुढच्या बैठकीला येताना सातबारा आणा. आधी आपलं नाव शोधू.