घरच्या अभ्यासाचे पुस्तक

घरी आसने करण्यासाठी किंवा ध्यानास बसण्यासाठी कोणते पुस्तक घ्यावे, असे आम्हा मराठीच्या अध्यापकांना अधूनमधून विचारले जाते. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आम्ही शिकवतो, एवढीच आमची पात्रता. पण हा प्रश्न फार जुना नाही. शंभराहून थोडी अधिक वर्षे मागे गेलो तर तो विचारण्याची सोयच नव्हती.

सहाव्या अध्यायात (शके १२१२) ज्ञानेश्वरांनी अभ्यासाची जागा, आसन, बंध आणि कुंडलिनीचे जागणे इतक्या तपशिलाने वर्णिले आहे की वाचकाला ती कृतीची पुस्तिका वाटावी. ती तशी नाही. किती वेळ करावे, कोणी करू नये, त्रास झाला तर कुठे थांबावे, हे त्यात नाही. कारण ते सांगणारा गुरू शेजारी आहे असे गृहीत आहे. नाथपंथाचा वारसा लाभलेल्या कवीला त्याचा उच्चार करावा लागला नाही. हठप्रदीपिका तर ही विद्या गुप्त ठेवायला सांगते आणि साधकासाठी एकांतातली, लहान दाराची कुटी मागते. भिंतीपलीकडे यंत्रमाग खडखडत असलेल्या भिवंडीतल्या एका खोलीच्या बिऱ्हाडात ही अट कशी पाळायची?

गुप्ततेचा हा दंडक मोडण्यात नर्मदाकाठच्या मालसरच्या परमहंस माधवदासांच्या दोन शिष्यांचा वाटा मोठा. मणिभाई देसाई, म्हणजेच श्रीयोगेंद्र, यांनी १९१८ मध्ये मुंबईत वर्सोव्याला ‘योग इन्स्टिट्यूट’ काढली आणि संन्याशाऐवजी गृहस्थ हाच आपला विद्यार्थी मानला. जगन्नाथ गणेश गुणे अमळनेरला अध्यापन करून स्वामी कुवलयानंद झाले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. त्रैमासिक इंग्रजीत होते, ही बाब आम्हाला आजही थोडी टोचते. पण शास्त्रज्ञांपुढे साक्ष द्यायची तर भाषा तीच लागणार होती. नौलीच्या वेळी आतड्यात दाब उणा होतो हे त्यांनी मोजून दाखवले आणि त्या पोकळीला ‘माधवदास निर्वात’ असे नाव दिले. गुरूचे नाव निर्वाताला देण्याइतकी निःशंक गुरुभक्ती दुसरीकडे आमच्या पाहण्यात नाही!

त्यांच्या आसने आणि प्राणायाम या विषयांवरच्या पुस्तकांत आम्हाला विशेष वाटते ते सावधगिरीच्या सूचनांचे. कान वाहत असलेल्याने, डोळ्यांतल्या केशवाहिन्या दुर्बल असलेल्याने, हृदय अशक्त असलेल्याने स्वतःच्या भरवशावर काय करू नये, हे तिथे स्पष्ट लिहिले आहे. पूर्ण अभ्यासक्रमाबरोबर सोपा अभ्यासक्रमही आहे. ज्ञानेश्वरीत अध्याहृत असलेला गुरू इथे प्रथमच गद्यात उतरला, तोही मुख्यतः नकाराच्या रूपाने. वाङ्मयेतिहासात या गद्याची दखल घ्यायला हवी होती. तिथे जागा मिळते ती कथा-कादंबरीला.

दुरून शिकवण्याची कसोटीही लवकरच लागली. १९२७ च्या मार्चमध्ये कोल्हापुरात गांधीजींची प्रकृती ढासळली, रक्तदाब वाढला. विश्रांतीसाठी ते नंदी हिल्सला गेले आणि कुवलयानंदांशी त्यांनी आसनांविषयी पत्रव्यवहार केला. शिष्य एका प्रांतात, शिक्षक दुसऱ्या, मध्ये टपाल. पण ते टपाल दुहेरी होते, हे विसरता कामा नये. पुस्तकाला शंका विचारता येत नाही, आणि आजच्या चित्रफितीलाही नाही.

पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचे ‘लाइट ऑन योगा’ १९६६ मध्ये लंडनला निघाले. दोनशे आसने, सहाशेच्या आसपास छायाचित्रे. वाचक चित्रांपाशीच थबकतो आणि शेवटची स्थिती पाहून पहिल्याच दिवशी तिची नक्कल करतो. वास्तविक घरच्या साधकाला लागणारी सामग्री चित्रांत नाही. प्रत्येक आसनाला काठिण्याचा अंक दिलेला आहे, साठपर्यंत; परिशिष्टात तीनशे आठवड्यांचा क्रम आहे. तीनशे आठवडे म्हणजे पावणेसहा वर्षे.

ध्यानाचे प्रकरण अधिक नाजूक. भिवंडी तालुक्यातच गणेशपुरी आहे. तिथे स्थिरावलेल्या नित्यानंदांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांचे शिष्य मुक्तानंद यांनी हिंदीत ‘चित्शक्तिविलास’ लिहिला. ध्यानात दिसलेले प्रकाश, नीलबिंदू, भय आणि आनंद यांचे ते आत्मकथन आहे आणि आत्मकथन म्हणून वाचनीय आहे. मात्र घरी एकट्याने बसणारा त्याची दिनदर्शिका करतो आणि आपल्याला निळे काही दिसले नाही म्हणून खंतावतो. इगतपुरीच्या धम्मगिरीने, तिथे १९७६ पासून शिबिरे होतात, वेगळा मार्ग धरला: आधी दहा दिवसांचे शिबिर, मग घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास. सत्यनारायण गोयंका २०१३ मध्ये गेले, तरी शिबिरांत सूचना त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात दिल्या जातात; आणि शंका विचारायला सहायक आचार्य समोर बसलेले असतात.

तेव्हा विचारणाऱ्याला आम्ही सांगतो: पुस्तक उघडून आधी निषेधाची पाने शोधा. ती नसतील तर ते परत ठेवा. असतील तर घ्या, आणि महिन्यातून एकदा तरी शंका विचारता येईल असा माणूस गावात पाहून ठेवा. ‘चित्शक्तिविलास’ जरूर वाचा, पण ज्ञानेश्वरीच्या शेजारी ठेवून, आसनाच्या शेजारी नव्हे.