विश्वभाषेची घडण : लिन्कोस आणि तिची पूर्वपीठिका

इ. स. १९६० मध्ये ॲम्स्टरडॅम येथे एक विलक्षण ग्रंथ प्रसिद्ध झाला. उट्रेख्ट विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक हान्स फ्रॉयडेन्थाल हे त्याचे कर्ते. 'लिंग्वा कॉस्मिका', म्हणजे विश्वभाषा, या लॅटिन शब्दांवरून त्यांनी आपल्या कृत्रिम भाषेस 'लिन्कोस' असे नाव दिले. ज्यांच्याशी मानवाचा कोणताही पूर्वसंबंध नाही, ज्यांची इंद्रिये कोणत्या प्रकारची आहेत हेही ठाऊक नाही, अशा दूरस्थ बुद्धिमंतांना केवळ रेडिओलहरींच्या द्वारा एखादी भाषा मुळापासून शिकविता येईल काय, हा त्या ग्रंथाचा विषय होय. खगोलशास्त्रज्ञांनी त्याचा आदराने उल्लेख केला. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी मात्र त्याकडे फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. वस्तुतः त्यातील मूळ प्रश्न भाषाशास्त्राचाच आहे. शब्दाचा अर्थाशी असलेला संबंध ऐकणाऱ्यास प्रथम कळतो तो कोणत्या मार्गाने?

आपल्याकडील मीमांसकांनी या प्रश्नाचे दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. एक वडीलधारा मनुष्य दुसऱ्यास 'गाय आण' असे सांगतो आणि तो गाय आणतो. जवळचे मूल हे पाहत असते. पुढे 'गाय बांध', 'घोडा आण' अशी वाक्ये त्याच्या कानी पडतात. आवाप व उद्वाप यांच्या योगाने, म्हणजे वाक्यात एक पद येते व दुसरे जाते त्याबरोबर कृतीत काय बदलते हे पाहून, मूल प्रत्येक पदाचा अर्थ वेगळा काढते. यालाच वृद्धव्यवहारातून होणारा शक्तिग्रह म्हणतात. या उपपत्तीत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे : मुलाला गाय दिसते. ताऱ्याजवळच्या श्रोत्यास ती दिसत नाही. परग्रहस्थांसाठी संदेश रचण्याच्या साऱ्या प्रयत्नांचा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो, हे ध्यानात घेतल्यास त्यातील यशापयशाची संगती लागते.

एकोणिसाव्या शतकातील कल्पनांना ही अडचण फारशी जाणवलेली नव्हती. सैबेरियाच्या अरण्यात पायथागोरसच्या सिद्धान्ताची प्रचंड आकृती आखावी, अशी सूचना गाउसने केली होती असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. गाउसच्या लेखनात मात्र तिला आधार सापडत नाही. तरीही एका ग्रंथातून दुसऱ्यात ती कथा सुखेनैव संचार करीत आली आहे. फ्रेंच कवी व संशोधक शार्ल क्रो याने १८६९ मध्ये आरशांच्या साहाय्याने ग्रहांकडे प्रकाशसंकेत पाठविण्याची योजना मांडली. १८९६ मध्ये फ्रान्सिस गाल्टनने एक पाऊल पुढे टाकले. कमीअधिक काळ टिकणाऱ्या तीन प्रकारच्या संकेतांतून आधी अंकगणित, नंतर भूमिती व शेवटी चित्र, असा शिक्षणक्रम त्याने कल्पिला. संदेशाच्या अंगी स्वतःचा अर्थ शिकविण्याचे सामर्थ्य असले पाहिजे, ही जाणीव येथे प्रथम स्पष्टपणे दिसते. पुढे १९५२ मध्ये लान्सलॉट हॉगबेन यांनी ब्रिटिश आंतरग्रहीय संस्थेपुढील व्याख्यानात 'ॲस्ट्राग्लॉसा' या नावाने अशाच भाषेची रूपरेषा मांडली. हॉगबेन मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. परंतु १९४३ मध्ये त्यांनी 'इंटरग्लॉसा' ही साहाय्यक भाषाही रचली होती. त्यामुळे शब्दसंग्रहापेक्षा वाक्यरचनेचा प्रश्न आधी सोडवावा लागतो, हे त्यांना ठाऊक होते.

फ्रॉयडेन्थाल यांचे वेगळेपण त्यांच्या क्रमात आहे. ग्रंथाची चार मुख्य प्रकरणे आहेत : गणित, काल, वर्तन, आणि अवकाश-गती-वस्तुमान. गणिताचा आरंभ अपेक्षेप्रमाणेच होतो. काही स्पंद, मग एक नवे चिन्ह, मग आणखी काही स्पंद. अशी अनेक उदाहरणे एकापुढे एक आली की 'अधिक मोठा', 'अधिक लहान', 'बरोबर' यांची चिन्हे श्रोत्याने स्वतःच ओळखावयाची. यात संख्या ही दुसऱ्या कशाचे नाव म्हणून येत नाही. तीन स्पंद हे तीनच असतात. कालाच्या प्रकरणात हीच युक्ती अधिक सूक्ष्म रूप घेते. प्रथम ठराविक काळ टिकणारा एक संकेत पाठवावयाचा आणि त्याच्या पाठोपाठ 'याचा अवधी इतके सेकंद' असे विधान करावयाचे. निरनिराळ्या लांबीच्या संकेतांवर ही विधाने पुनःपुन्हा केली की 'सेकंद' या शब्दाचा अर्थ श्रोत्यास मोजून घेता येतो. येथे शब्द आणि त्याचा विषय एकाच लहरीवर स्वार होऊन जातात. श्रोत्यास गाय दाखविता येत नाही, पण अवधी दाखविता येतो. कारण अवधी हा खुद्द संदेशाच्याच अंगचा धर्म आहे.

तिसऱ्या प्रकरणात तर वृद्धव्यवहारच अवतरतो. दोन काल्पनिक व्यक्ती परस्परांशी बोलतात आणि श्रोता ते संभाषण ऐकतो. एक विचारते : चारास कशाने गुणिले असता दहा येतात? दुसरी उत्तर देते : दहा चतुर्थांश. पहिली त्यावर 'माल', म्हणजे वाईट, असा शेरा मारते. पुढे दुसरी 'पाच द्वितीयांश' असे उत्तर देते तेव्हा 'बेन', म्हणजे चांगले, असा शब्द येतो. वस्तुतः दहा चतुर्थांश हे उत्तर खोटे नाही. ते संक्षिप्त रूपात नाही, एवढेच. अशा उदाहरणांवरून श्रोत्यास कळावयाचे ते हे की, खरे-खोटे ही एक जोडी आणि चांगले-वाईट ही दुसरी, व दुसरीचे निकष बोलणाऱ्यांच्या समाजाने ठरविलेले असतात. गणिताच्या एका क्षुल्लक अपूर्णांकातून सामाजिक मूल्याची कल्पना उभी करण्याचा हा प्रयत्न संपूर्ण ग्रंथातील सर्वांत प्रतिभावान भाग मानावा लागेल. व्यवहारातून शिकावयाचे, परंतु तो व्यवहार केवळ बोलण्याचाच, असे हे बंधन आहे. आणि विचारणे, उत्तर देणे, मान्य करणे, नाकारणे या क्रिया बोलण्यातच पूर्ण होत असल्यामुळे तेथवर हे बंधन अडत नाही.

ते अडते त्याच्या पुढे. चौथ्या प्रकरणात अवकाश व वस्तुमान यांकडे वळताच फ्रॉयडेन्थाल यांना वर्णनाचा आश्रय करावा लागतो, कारण या गोष्टी लहरीबरोबर पाठविता येत नाहीत. ग्रंथावर 'भाग पहिला' असे छापलेले आहे. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर दुसरा भाग निघाला नव्हता.

ज्या वर्षी लिन्कोस प्रसिद्ध झाली त्याच वर्षी फ्रँक ड्रेक यांनी ग्रीन बँक येथील दुर्बिणीने ताऱ्यांकडून येणाऱ्या संकेतांचा पहिला शोध घेतला. तथापि पुढील दोन दशकांत संदेशरचनेने भाषेचा मार्ग सोडून चित्राचा मार्ग धरला. (मध्येच, १९६२ च्या नोव्हेंबरात, क्रिमियातील एव्हपातोरियाहून शुक्राच्या दिशेने मोर्स लिपीत 'मीर', 'लेनिन' व सोव्हिएत संघराज्याच्या नावाची आद्याक्षरे पाठविण्यात आली. हे शब्द कोणास उद्देशून होते, हे सांगण्यास शुक्राची आवश्यकता नाही.) १९७४ च्या १६ नोव्हेंबरला आरेसिबोहून एम १३ या सुमारे २५,००० प्रकाशवर्षे दूरच्या तारकागुच्छाकडे गेलेला संदेश १,६७९ द्विमान अंकांचा होता. ही संख्या २३ व ७३ या दोन अविभाज्य संख्यांचा गुणाकार. श्रोत्याने ते अवयव पाडावेत, अंकांच्या ओळी मांडाव्यात आणि त्यांत मनुष्याची आकृती पाहावी, अशी अपेक्षा होती. पहिली पायरी गणिताची आहे. शेवटची तशी नाही. सपाट पृष्ठावरील ठिपक्यांत देह पाहणे ही शिकलेली गोष्ट आहे.

हा आक्षेप नुसता तात्त्विक नाही. १९७२ मध्ये पायोनियर १० या यानावर बसविलेल्या फलकावर यानाचा मार्ग दाखविण्यासाठी बाण काढलेला होता. कलेतिहासकार अर्न्स्ट गोम्ब्रिख यांनी त्याच वर्षी दाखवून दिले की, धनुष्यबाणाचा इतिहास ज्यांच्या मागे नाही त्यांना बाणाच्या टोकाचा अर्थ कळण्याचे कारण नाही. फलकावरील स्त्रीचा निमुळता होत गेलेला हात त्यांना रोहित पक्ष्याची मान व चोच वाटावयाचा. मराठीत 'संकेत' हा एकच शब्द खूण आणि रूढी या दोहोंसाठी वापरला जातो. चित्रकारांची चूक या एका शब्दात सामावते : त्यांनी खूण पाठविली आणि रूढी घरीच राहिली.

१९७७ च्या व्हॉयेजर यानांवरील ध्वनिमुद्रिकेने तर उकल होण्याची अपेक्षाच जवळजवळ सोडून दिली. तीवर ५५ भाषांतील अभिवादने आहेत; त्यांत सुमेरी व अक्कडी यांसारख्या मृत भाषाही आहेत. केसरबाई केरकर यांची भैरवी तीवर आहे आणि मराठी अभिवादनही आहे. बोलणाऱ्यांना काय बोलावे हे सांगितलेले नव्हते. मराठी वक्त्या पृथ्वीवरील लोकांचे शुभविचार कळवितात आणि श्रोत्याने 'ह्या जन्मी' धन्य व्हावे, अशी इच्छा व्यक्त करतात. त्या दोन शब्दांत दुसरे जन्म गृहीत आहेत. मराठी माणसास ते जाणवतही नाही, इतके ते सहज आहेत. आणि लिन्कोसच्या पद्धतीने ते शिकवावयाचे झाल्यास किती प्रकरणे लिहावी लागतील, याचा अंदाज फ्रॉयडेन्थाल यांच्या अप्रकाशित दुसऱ्या भागावरून करता येतो.

भाषेचा मार्ग पुढे पुन्हा उघडला. १९९९ मध्ये इव्हाँ द्युतील व स्टेफान द्युमा या कॅनेडियन शास्त्रज्ञांनी लिन्कोसवरून स्फूर्ती घेऊन रचलेला संदेश एव्हपातोरियाहूनच सुमारे ५० ते ७० प्रकाशवर्षे दूरच्या चार ताऱ्यांकडे गेला. लहरींतील गोंगाटाने एखादे चिन्ह विकृत झाले तरी ते दुसऱ्या चिन्हासारखे दिसू नये, याची काळजी त्यांनी चिन्हांच्या घडणीतच घेतली होती. लेखनशास्त्राच्या अभ्यासकाने पाहावा असा हा भाग आहे. लायडनचे अलेक्झांडर ओलोंग्रेन यांनी २०१३ मध्ये लिन्कोसची पुनर्रचना रचनात्मक तर्कशास्त्राच्या पायावर प्रसिद्ध केली. आरेसिबोची दुर्बीण डिसेंबर २०२० मध्ये कोसळली. तिने पाठविलेले १,६७९ अंक मात्र मार्गावरच आहेत.